सफरचंदाची खालची ओळ

ग्वाल्हेरला जाऊन आलेला माणूस किल्ल्यापासून सुरुवात करतो. मी किल्ला चारही दिवस खालूनच पाहिला. शिंदे सरकारच्या राजधानीच्या शहरभागाला तिकडे लष्कर म्हणतात. त्या लष्करात कुठेही उभे राहून मान वर केली की तो लांबलचक डोंगर आणि त्याच्या काठाने गेलेला तट दिसतो. वर जाऊ या, असे यजमानांनी दोनदा सुचवले आणि दोन्ही वेळा मी काही तरी निमित्त सांगितले. मी हवापालटाला गेलो नव्हतो. एका माणसाचे नाव मी पुस्तकातून काढून टाकले होते, ते त्याच्यासमोर कबूल करायला गेलो होतो. ते काम मी कसे केले आणि कुठे चुकलो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. वाटेत पाहिले, खाल्ले ते ओघाने येईलच.

आधी मागचे थोडे सांगायला हवे. नाशिकला आमची एक लहानशी कोशकचेरी आहे. दोन खोल्या, तीन माणसे. फळे, झाडे आणि औषधी यांच्या मराठी नावांचा एक कोश तिथे तयार झाला आणि तो जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. गावोगावचे हौशी लोक शब्द टिपून चिठ्ठ्या पाठवत. त्यांतल्या सर्वांत चांगल्या ग्वाल्हेरहून येत. पाठवणारे अण्णासाहेब देवस्थळे, तिथल्या दरबारच्या दफ्तरातून पेन्शन घेऊन घरी बसलेले गृहस्थ. त्यांच्या चिठ्ठीवर वर शब्द असे, मध्ये अर्थ आणि उगम, आणि अगदी तळाला एक ओळ, ‘सांगणार’ म्हणून. पुढे त्या माणसाचे नाव, धंदा, गल्ली. मग तो माळी असो, हकीम असो की तांगेवाला. कोणता कागद कुणाच्या हातून आला हे लिहिल्याशिवाय कागद पुरा झाला असे दफ्तरातल्या माणसाला वाटत नाही.

आमच्या कचेरीतले खण सुताराने एका मापाचे केले होते. अण्णासाहेबांच्या चिठ्ठ्या जुन्या दरबारी फॉर्मांच्या पाठीवर लिहिलेल्या, दीड बोट जास्त लांब. खणात त्या उभ्या राहत नसत. मी कात्री घेतली आणि आठवडाभर बसून चारशेवर चिठ्ठ्यांची खालची पट्टी कापून टाकली.

खणाचे माप हे कारण खोटे नव्हते, पण तेवढेच कारण नव्हते. त्या चिठ्ठ्यांत ‘सफरचंद’ या शब्दाची एक होती. ती वाचून मी त्या दिवशी जेवायचे विसरलो. सफरचंद हे नाव आपल्याला घरचे वाटते. सफर आणि चंद असे दोन तुकडे पाडून लोक त्याच्या गोष्टीही रचतात. चिठ्ठीत म्हटले होते की हे नाव मुळात सफरचंदाचे नाहीच. अरब लोक ‘सफरजल’ म्हणतात ते बिहीच्या फळाला, ज्याच्या बिया आपण बिहीदाणा म्हणून खोकल्यावर देतो. आणि अरबांकडेही तो शब्द उसना आहे. त्यांच्या आधीपासून त्या मुलुखात आरामी नावाची भाषा चालत असे. ती बोलणारे डोंगरी ख्रिस्ती लोक अजून शिल्लक आहेत, ते बिहीला ‘स्पर्गला’ म्हणतात. मी मुंबईहून जुने कोश मागवले. त्यांत आरामी ‘अस्पर्गला’ मिळाला, आणि त्याच्याही मागे मातीच्या विटांवरच्या लिपीतला ‘सुपुर्गिल्लू’ मिळाला. चिठ्ठी अक्षरशः खरी निघाली.

प्रस्तावनेत या एका शब्दावर मी चार पाने लिहिली आणि त्यांत लिहिले, ‘असे माझ्या ध्यानात आले.’ मोठमोठ्या माणसांची शाबासकीची पत्रे आली. एका सभेत मला हारही घातला.

त्या चिठ्ठीची खालची ओळ अशी होती. सांगणार, येसाजी काटे, दफेदार, खेचरांची पलटण, मुक्काम खासगी बाजार. हे नाव मी आज प्रथमच छापायला देतो आहे. खेचरे हाकणाऱ्याने सांगितलेला शब्द विद्वान मानतील का, ही मला एक भीती होती. आणि मानलाच तर मग यात माझे काय राहिले, ही दुसरी.

पुस्तक निघाल्यावर अण्णासाहेबांचे एक कार्ड आले. ‘पुस्तक पोहोचले. छपाई सुबक. खालची ओळ कुठे गेली? दफेदार आता येत नाहीत.’ त्याला मी दीड वर्ष उत्तर दिले नाही. कार्ड मेजाच्या खणात होते आणि टाक घ्यायला खण उघडला की रोज हाताला लागे. शेवटी मार्गशीर्षात मी ‘येतो’ एवढेच लिहिले आणि नाशिक रोडला गाडीत बसलो.

लष्कर

गाडीच्या प्रवासाचे लिहिण्यासारखे काही नाही. झाशीच्या पुढे थंडी मात्र अशी लागली की घोंगडीतून हात काढवेना. आपल्याकडच्या थंडीला दहा वाजले की लाज वाटते. तिकडची अकरा वाजताही तशीच होती. ग्वाल्हेर स्टेशनापासून लष्कर बरेच लांब. तांगेवाल्याला मी पत्ता वाचून दाखवला तर तो म्हणाला, ‘अच्छा, वो कागज़वाले पंडितजी,’ आणि पुढे एक अक्षर न विचारता त्याने मला खासगी बाजारातल्या गल्लीत नेमक्या दारासमोर उतरवले.

अण्णासाहेब सडपातळ, गोरे, घरातही कानटोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून बसलेले. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी मधेच धरले. ‘आलात ते फार बरं केलंत. आधी गरम पाण्याने हात-पाय धुवून घ्या. बोलायला तर दिवस पडला आहे.’ त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली माई म्हणते, दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

‘हेच का ते नाव कापणारे?’ त्यांनी नवऱ्याला विचारले.

अण्णासाहेब संकोचले. मी म्हणालो, होय, तोच मी.

‘तुम्ही तिकडची माणसं येता आणि म्हणता, ग्वाल्हेरचं मराठी बिघडलं. बिघडलं असेल. आम्ही कुणाचं कापलं तर नाही ना?’ एवढे बोलून त्या आत गेल्या आणि मला पाने मांडल्याची हाक ऐकू आली.

जेवण सुरेख होते. पण तिथल्या मराठी घरातली डाळ आपल्या आमटीसारखी नसते. तिला आले-हिंगाची फोडणी, गूळ अजिबात नाही. मी गुळाचे नाव काढताच माई म्हणाल्या, ‘डाळीत गूळ आजारी माणसाला पण देत नाही आम्ही.’ पोळ्या लहान, दुहेरी घडीच्या, तुपात भिजलेल्या. मुळा तर प्रत्येक जेवणात. शेवटी तिळाची गजक आली, कागदासारख्या पातळ थरांची, दाताखाली आवाज न करता विरघळणारी. ती खाताना मात्र मी कशासाठी आलो आहे ते क्षणभर विसरलो. या लोकांची घराणी दक्षिणेतून येऊन सहा-सात पिढ्या झाल्या. बायका अजून नऊवारीत, चैत्रगौर अजून मांडतात, पण मुले भांडताना हिंदीत भांडतात आणि रडताना मराठीत रडतात, असे अण्णासाहेब हसून म्हणाले. सफरचंदाला तिथे कुणी सफरचंद म्हणत नाही. ‘आमच्याकडे तर सेवच म्हणतात. तो शब्द येसाजीच्या आईमुळे या गल्लीत टिकला, ती साताऱ्याकडची होती.’

हे नाव निघाल्यावर मी कबुली दिली. खणाचे माप सांगितले, भीती सांगितली, हार सांगितला. अण्णासाहेब ऐकत होते. रागावले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, ‘दफ्तरात नक्कल ठेवल्याशिवाय एक कागद मी बाहेर जाऊ दिला नाही. तुमच्याकडे पाठवताना ठेवली नाही. म्हटलं, छापूनच तर येणार आहे. तेव्हा थोडी चूक माझीही आहे.’

पुढचे माईंनी सांगितले. पुस्तक आले तेव्हा दफेदार ते मागून घेऊन गेला. कोपऱ्यावर एका शिंप्याचे दुकान आहे, तिथे संध्याकाळी तांगेवाले आणि जुने शिपाई जमतात. त्यांना तो दोन वर्षे सांगत होता की नाशिकच्या किताबीत माझे नाव येणार आहे. त्याने स्वतः पेढे आणले आणि शाळेच्या एका मास्तरांना ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावले. मास्तरांनी सफरचंद वाचले, सफरजल वाचले, अस्पर्गला वाचले. मग प्रस्तावनेतली चार पाने वाचली. पाने संपली. एकाने विचारले, ‘और दफेदार साहब, आप किस पन्ने पर हैं?’ तेव्हापासून तांगेवाले त्याला स्पर्गला म्हणून हाक मारतात. दर गुरुवारी संध्याकाळी अण्णासाहेबांकडे येऊन बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला, पुस्तक ओट्यावर ठेवले आणि दार न वाजवता निघून गेला.

‘हे तर इतके भले आहेत की समजावायला पण गेले नाहीत,’ माई म्हणाल्या. ‘म्हणतात, काय तोंड दाखवू?’

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चला, असे मी अण्णासाहेबांना विनवले. ते नाही म्हणाले. मी आलो तर तो माझ्याकडे पाहून गप्प बसेल, तुमचे तुम्हीच जा, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबरच होते.

दाल बाजार

सकाळी न्याहारीला बेडई, म्हणजे डाळ भरलेली तिखट पुरी, आणि जिलबी आली. उजाडल्या उजाडल्या तिखट आणि गोड एका पानात घेणे आम्हा नाशिककरांना जमत नाही. त्यांना त्याशिवाय दिवस उगवल्यासारखे वाटत नाही. मी निम्मी जिलबी ठेवली, तर माईंनी ती उचलू दिली नाही.

दफेदाराकडे जायला मला धीर होत नव्हता, म्हणून आधी बाजार हिंडलो. नई सडकेवरची लहान लहान दुकाने पाहिली. दाल बाजारात धान्याच्या पोत्यांमधून वाट काढत एका पंसाऱ्याच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, दुकानाशी आलो. काळसर तपकिरी बियांची रास पाहून मी बिहीदाणा ओळखला. त्याच्या शेजारी एक काबुली फळवाला कापसात गुंडाळलेली द्राक्षे आणि आणखी काही पिवळी फळे घेऊन बसला होता. ही कोणती, म्हणून विचारले. ‘बिही.’

तेव्हा माझ्या लक्षात आले की या फळावर मी चार पाने छापली आहेत आणि ते आज प्रथम पाहतो आहे. पेरूएवढे किंवा थोडे मोठे, ओबडधोबड, अंगावर राखी लव. लव अंगठ्याने पुसली की खाली पिवळाधमक रंग. वास असा की सारे दुकान भरून जावे. एक घेऊन मी तिथेच दात मारला. लाकूड चावल्यासारखे झाले आणि दुसऱ्या क्षणी सारे तोंड आवळून आले. जीभ टाळूला चिकटली. काबुली पोट धरून हसला आणि पंसाऱ्याला म्हणाला की बाबूजी कच्ची खातात. बिही शिजवून खायची असते. चार पानांत हे मी कुठेच लिहिले नव्हते.

तोंड आवळलेल्या अवस्थेतच मी खासगी बाजाराकडे परतलो. गल्लीच्या टोकाला तांग्यांचा तबेला आहे. तिथे दफेदार घोड्यांच्या खुरांचे दुखणे पाहतो. मी गेलो तेव्हा तो एका घोडीचा पाय मांडीवर घेऊन नख तासत होता. पन्नाशी ओलांडलेला, रुंद छातीचा, पांढऱ्या मिशा. शेजारी दोन तांगेवाले हुक्का ओढत होते. मी नाशिकचा म्हटल्यावर त्यांतला एक ओरडला, ‘लो दफेदार, तुम्हारे किताबवाले आ गए।’

दफेदाराने पाय सोडला नाही. तासणे पुरे केले, घोडीची पाठ थोपटली, हात धुतले, आणि मला आतल्या खोलीत नेले. ‘बसा सायब. खाट आहे.’ तो स्वतः उंबऱ्यावर बसला.

मी सांगायला लागलो. काल सांगितले तेच, त्याच क्रमाने. दुसऱ्यांदा सांगताना ते मला जरा सोपे गेले, आणि याचीही मला आज लाज वाटते. पुढच्या आवृत्तीत नाव छापतो, वर्तमानपत्रात खुलासा देतो, शिंप्याच्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर सांगतो, असे मी म्हणालो.

‘नाव नाही आलं तर राग आला. खोटं कशाला बोलू?’ तो म्हणाला. ‘लोक चार दिवस हसले. मग सवय झाली. शिपाई माणूस आहे मी, हसण्याने मरत नाही. पण सायब, तिथं नावं तर दोन होती.’

तेव्हा मला आठवले. ओळ दुहेरी होती. वरच्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी काही होते. ‘खेचरांची पलटण, मुक्काम खासगी बाजार’ एवढे वाचूनच मी कात्री उचलली होती.

मग त्याने सगळे सांगितले. महायुद्धाच्या शेवटी त्याची तुकडी बगदादच्या वरच्या अंगाला होती. तिथे डोंगरातून पळून आलेल्या ख्रिस्ती लोकांची तंबूंची मोठी छावणी सरकारने वसवली होती. खेचरांची रांग त्या छावणीला लागूनच. हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ दाटला. इस्पितळात जागा नव्हती, म्हणून त्याला दाणागोट्याच्या तंबूत निजवले. पलीकडच्या तंबूतली एक म्हातारी त्याचे खोकणे ऐकून आली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तिने एक पिवळे फळ शिजवून आणले, आणि त्याच्या बिया टिनच्या मगात पाण्यात घालून ठेवल्या. सकाळी त्या फुगून बुळबुळीत झाल्या होत्या. ‘मी पाहिलं, म्हटलं, हा तर बिहीदाणा. माझी आई हाच देत होती. म्हणजे मगामधलं औषध घरचं, आणि फळ मी जन्मात पाहिलं नव्हतं.’ बोटाने खुणा करून त्याने फळाचे नाव विचारले. ती म्हणाली, स्पर्गला. पुढे परत येताना बसऱ्याच्या बाजारात अरब त्याच फळाला सफरजल म्हणून ओरडत होते, तेव्हा तो जहाजाच्या वाटेवर उभा राहून एकटाच हसला. आईचे सफरचंद त्याला तिथे सापडले. मुंबईचे सारे कोश मागवून मी जे जुळवले, ते त्या आजारी माणसाने तीन तोंडांतून ऐकून जुळवले होते.

‘अकरा दिवस ती आली,’ तो म्हणाला. ‘तिची दोन मुलं डोंगरातून येताना वाटेत गेली होती, हे मला नंतर एका दुभाष्याने सांगितलं. तिने माझं नाव विचारलं आणि माझ्या आईचं नाव विचारलं. त्यांच्यात आजाऱ्याचं नाव आईच्या नावाने घेतात. कागदावर काही लिहवून आणलं आणि माझ्या दंडाला बांधलं. येसाजी, मुलगा भागीरथीचा. मी तिला म्हटलं, मग तुझं पण सांग. तेव्हापासून रोज दिवा लावला की देवाची नावं घेतो, आईचं घेतो, आणि तिचं घेतो.’

त्याने दंडावरून एकदा हात फिरवला.

‘गेल्या थंडीत मला ताप आला. डोक्यात गेला तो. उठलो तेव्हा बरीच नावं गेली होती. पुतण्याचं गेलं, ते तर घरच्यांनी सांगितलं. तिचं कोण सांगणार? पण मी घाबरलो नाही. म्हटलं, अण्णासाहेबांनी कागदावर घेतलं आहे, नाशिकला ठेवलं आहे. फक्त भांडण होतं, म्हणून विचारायला गेलो नाही.’ तो माझ्याकडे वळला. ‘माझं नाव छापा, नका छापू. ते काय होतं एवढं सांगा. बस.’

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हा लेख आहे. पट्ट्या मी कापल्या त्याच आठवड्यात कचेरीच्या अंगणातल्या बंबात घातल्या होत्या. पौषातली थंडी होती, कागद कोरडा होता, पाणी लवकर तापत असे. हे त्या खाटेवर बसून मला स्पष्ट आठवत होते. आणि मी म्हणालो, ‘पट्टी आहे. कचेरीत जुन्या कागदांत असेल. गेल्यावर शोधतो आणि पाठवतो.’

मी कबुली द्यायला गेलो होतो. जेवढी कबुली मी घरून ठरवून नेली होती तेवढी दिली, आणि ती संपल्यावर आणखी द्यावी लागेल हे ध्यानात नव्हते. त्याचा चेहरा माझ्याकडे होता. तो पडलेला पाहणे मला टाळायचे होते, बाकी काही नाही.

तो लगेच उठला. दारातून हुक्केवाल्यांना म्हणाला, ‘नाम मिल जाएगा। चिट्ठी नासिक में रखी है।’ मग मला म्हणाला की संध्याकाळी अण्णासाहेबांकडे येतो.

खासगी बाजार

आणि तो आला. दीड वर्षाने त्या घराच्या पायऱ्या चढला. अण्णासाहेब जिन्यापर्यंत गेले आणि दोघे एकमेकांचा हात धरून आत आले. माईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच त्याला झापले, ‘दीड वर्ष रस्ता चुकला होता का येसाजी? चार घरं तर सोडून राहता.’

‘रस्ता नाही, अक्कल चुकली होती माई,’ तो म्हणाला.

मी अण्णासाहेबांना त्या म्हातारीचे नाव विचारून पाहिले. आठवले असते तर माझे खोटे खपून गेले असते. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिले. ‘श होता त्यात. शमिरान? शमूनी?’ दफेदाराने मान हलवली. ती त्या छावणीतल्या दुसऱ्या बायांची नावे असतील, म्हणाला, तिचे नाही. मी म्हटले, यातले एखादे तुम्हाला जवळचे वाटते का? तो मला समजावल्यासारखे म्हणाला, ‘जवळचं नको सायब. दुसऱ्या बाईचं नाव घेतलं तर दिव्यापाशी दुसरीच बाई येणार. चिट्ठी आहे ना आपल्याजवळ? मग घाई कशाला?’

उरलेले दोन दिवस फार चांगले गेले, म्हणजे त्यांचे. दफेदाराने आणलेल्या बिहीचा माईंनी साखर घालून मुरंबा केला. शिजल्यावर त्या पिवळ्या फळाला गुलाबी रंग आला आणि त्या दिवशी बाजारात माझे तोंड आवळणारा तोच गर जिभेवर मऊ लागला. मी शिंप्याच्या दुकानातही गेलो. तिथल्या सगळ्यांसमोर सांगितले की हा शब्द दफेदारांनी दिला आणि मी त्यांचे नाव गाळले. तांगेवाल्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला. पण दफेदाराने त्यांना माझ्यापेक्षा मोठ्याने सांगितले की यांच्याजवळ चिट्ठी आहे, त्यात नाव आहे. मी चहाचा पेला तोंडाला लावून होतो. बोलायला ती एक जागा होती, आणि रात्री जेवताना एक होती, आणि निघायच्या दिवशी स्टेशनवर तर बराच वेळ होता. गाडी उशिरा होती. अण्णासाहेब, दफेदार आणि मी बाकावर बसून होतो. दफेदाराने मला गजकेचा पुडा दिला आणि घोड्याच्या जखमेवर लावायचे एक मलम दिले. आमच्याकडे घोडा नाही, हे सांगितले तरी घ्या म्हणाला, माणसाला पण चालते.

नाशिक

परत येऊन मी कचेरी पालथी घातली. जे जळले आहे ते मी स्वतः जाळले, हे माहीत असूनही मी कपाटांच्या मागे हात घातले, बंबाच्या आसपास पाहिले. एखादी पट्टी वाऱ्याने उडून कुठे अडकली असेल, असे मनात येई. मिळाली नाही. मग जवळ असलेल्या पुस्तकांतून मी त्या लोकांच्या बायकांची नावे काढायला लागलो. बावीस नावांची यादी केली, पाठवायचा लिफाफा आणला. मग दिव्यापाशी दुसरीच बाई येणार, हे त्याचे वाक्य आठवले आणि यादी फाडली.

गेल्या पंधरवड्यात अण्णासाहेबांचे कार्ड आले. दफेदार दर गुरुवारी येतात. माईंनी मुरंब्याची एक बरणी त्यांच्यासाठी वेगळी काढली आहे. पोस्टमन गल्लीत आला की दफेदार घोडी सोडून दारात येतात, आणि तांगेवाले आता विचारतात, ‘दफेदार, चिट्ठी आ गई?’ शेवटी अण्णासाहेबांनी लिहिले आहे, ‘शोधायला वेळ लागत असेल तर तसे कळवावे. त्यांना धीर आहे.’

अण्णासाहेब हे मासिक घेतात आणि दर गुरुवारी त्यातले काही तरी मोठ्याने वाचतात, असे माई म्हणाल्या होत्या. कार्डावर दोन ओळींत लिहिता आले असते, पण कार्ड अण्णासाहेबांनी एकट्याने वाचले असते आणि दफेदारांना कसे सांगावे म्हणून ते पुन्हा, काय तोंड दाखवू म्हणत, घरातच अडले असते. म्हणून इथे लिहितो, म्हणजे ते वाचतील तेव्हा दफेदार समोर बसलेले असतील.

दफेदार, पट्टी नाही. मी ती जाळली, आणि तुमच्या खाटेवर बसलो होतो तेव्हाही मला हे माहीत होते. पोस्टमनसाठी घोडी सोडून दारात येऊ नका.